गोरसीवरचा आळ

"चुकलं माझं" हे शब्द कलावतीबाईंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. नवऱ्याने चाळीस वर्षं वाट पाहिली आणि बिचारा न ऐकताच गेला.

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात त्यांचा दरारा होता, आणि नाव होतं ते बड्यांमुळे. किसलेला कोहळा आणि फेटलेली उडदाची डाळ कालवून पांढऱ्याशुभ्र बड्या घालायच्या, थंडीच्या उन्हात वाळवायच्या आणि वर्षभर भाजीत टाकायच्या, ही इथली छत्तीसगडी रीत. नागपूरकडून आलेल्या सासूबाईंनी ती उचलली आणि सुनेनं तिचं वेड लावून घेतलं. पण आतली गोष्ट साऱ्या पाऱ्याला ठाऊक होती. कोहळा कलावतीबाई किसत, डाळ मात्र शेजारची प्रमोदिनी फेटत असे. फेटलेल्या डाळीचा गोळा पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे. प्रमोदिनीच्या हातचा तरंगायचा, कलावतीबाईंचा थेट तळ गाठायचा. तीस वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

छत्तीसगडचं नवं राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं, रस्ते खणले गेले, ट्रक वाढले, आणि त्या पौषात गच्चीवरच्या बड्यांवर काळी भुकटी दिसली. कलावतीबाईंनी बोट फिरवलं. बोट काळं! मान वळवली, तर कठड्यापलीकडे प्रमोदिनी गोरसीत, म्हणजे शेकायच्या मातीच्या शेगडीत, गोवऱ्या पेटवून आरामात हात शेकत बसलेली.

"अव, तुह्या गोरसीनं माह्या बड्या काळ्या केल्या ना!"

"एवढीशी गोरसी, कलावती. तिची ऊब मलेच पुरत नाई."

"मंग काय आभाळातून पडून राहिलं?"

खरं तर आभाळातूनच पडत होतं, पण त्या तोऱ्यात ते सुचणार कुणाला! प्रमोदिनीनं तांब्याभर पाणी गोरसीत ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून ती लेकीकडे अभनपूरला निघून गेली.

कलावतीबाईंनी एकटीनं दुसरा घाणा घातला. डाळ बुडाली ती बुडालीच. बड्या झाल्या दगडासारख्या, आणि तिसऱ्या दिवशी त्या दगडांवरही काळी भुकटी. पलीकडे गोरसी थंड, दाराला कुलूप. कलावतीबाई काळं बोट तसंच घेऊन खाली स्वयंपाकघरात आल्या.

त्यांची मुलगी गंधाली कॉलेजात भूगोल शिकवायची. आईचं मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायची तिची सवय. तिनं ओट्यावरची परात पुढे ओढली.

"देखो आई, ये अपना मैदान है. किनारे-किनारे पहाड़ियाँ, बीच में हम. ठंड में हवा चलती नहीं, और ऊपर की गरम हवा ढक्कन बन जाती है." तिनं परातीवर ताट झाकलं. "अंदर सबका धुआँ. ट्रक का, भट्ठियों का, चूल्हों का. और ज़रा उत्तर की हवा चली, तो उधर का इधर, इधर का अभनपुर."

"म्हणजे प्रमोदिनीचा नाई?"

"उसका भी होगा, चुटकी भर. और जो काला दिखता है वो तो मोटा है, आई. महीन वाला दिखता ही नहीं, सीधे छाती में जाता है."

छातीचं कलावतीबाईंनी ऐकलं, पण डोक्यात एकच घोळत होतं. तीस वर्षांची मैत्रीण आपण चिमूटभर धुरासाठी घालवली. रात्रभर विचार करून त्यांनी सकाळी अभनपूरची बस पकडली. वाटेत ते दोन शब्द जिभेवर घोळवून पाहिले. अवघडच होते.

प्रमोदिनीच्या लेकीच्या घरी पोचल्या, तर गच्चीवरून ओळखीचा आवाज येत होता.

"देवीदास भैया, तुमच्या मिलच्या भुश्शानं माह्या बड्यांचा सत्यानाश केला!"

खाली शेजारचा राईसमिलवाला देवीदास हात जोडून उभा. "मावशी, मेरी मिल तो आठ दिन से बंद पड़ी है!"

कलावतीबाई जिन्यातच बसल्या आणि पोट धरून हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. वर जाऊन त्यांनी प्रमोदिनीचा हात धरला आणि परातीची सारी हकीकत सांगितली. मग एकदाचं म्हणाल्या, "चुकलं माह्यं."

प्रमोदिनी बघतच राहिली. "काय म्हटलं? पुन्हा म्हण."

"आता नाई म्हणत."

"बरं, नको म्हणू." प्रमोदिनीनं कठड्यावरून वाकून खाली हाक मारली. "देवीदास भैया, चुकलं बा माह्यंही!"

दोघी एकाच बसनं परतल्या. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीनं डाळ फेटली, गोळा वाटीतल्या पाण्यात टाकला, आणि तो बदकासारखा डुलत वर आला. कलावतीबाईंनी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. बड्यांवर या वेळी जुनी मलमलची साडी ताणून बांधली.

संध्याकाळी प्रमोदिनीनं साडीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट मैत्रिणीपुढे धरलं.

"आता ही भुकटी कोणाची व?"

"आपल्या साऱ्यांची," कलावतीबाई म्हणाल्या. "साडी तं बड्यांले पुरली. आपल्या छातीवर काय बांधायचं?"

त्या थंडीत प्रमोदिनीनं गोरसी पेटवलीच नाही. घरातून मोठी शाल आणली, अर्धी कलावतीबाईंच्या खांद्यावर टाकली, आणि दोघी तिच्यात अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.