पोपटीत गेलेलं झाड
भांबुर्ड्याचा पाला खुडला की त्या उग्र वासानं मला खांब गावच्या शेतातली, मडक्यात शेंगा भाजायची ती पोपटी आठवते. ऊन कललं होतं, मी वालाच्या शेंगांसाठी मडक्यात पाला घालत होते. माझा नवरा आणि त्याचे दोन गांजेकस दोस्त बांधावर भांडत होते. तिथल्या तुरीत लपवून त्यांनी गांजाचं झाड वाढवलं होतं, चांगलं कमरेएवढं. "माझ्या लेंडीखतानं वाढलाय!" एक म्हणाला. "नाय रे, शेळ्या हाकलून माझा घसा बसला, म्हणून वाढलाय!" दुसरा ओरडला. तेवढ्यात पोलीस पाटील पोपटी खायला येताना दिसले आणि तिघं गारठले. मी झाड उपटलं, मोडून मडक्यात कोंबलं, वर शेंगा भरल्या, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला. "काय केलंस गो!" नवरा कळवळला. "नायतर तुमाला तुरुंगात डबा कोण आणणार?" मी म्हटलं. पाटलांनी सूपभर शेंगा संपवल्या. "वहिनी, पाला कुठला गो? पुढच्या वर्षी हाच घाल!" म्हणाले आणि खदखदत घरी गेले. आमचे तिघं तोंड पाडून शेंगा सोलत होते. पोपटी मी अजून लावते, नुसत्या भांबुर्ड्याची. खाणारे गोड म्हणतात, पण तसं हसत घरी कोणी जात नाय.