सरदार ग्वेराऊंची उजवी नडगी

नवरामुलगा डोंगरापलीकडे असला की आमच्याकडे लग्न पायावर लागतं. त्याच्या वतीनं एखादा सरदार चिलखत चढवून येतो, उजवा पाय गुडघ्यापर्यंत उघडा करतो आणि साक्षीदारांसमोर नवरीच्या पांघरुणात घालतो. पाय आत गेला की लग्न झालं. गार्सेंदाचं तसंच ठरलं होतं. मी तिच्या वडिलांच्या गडावर गाणी-सोंगं करायचे, म्हणून मला अगदी पलंगाशी जागा मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचा उपवास लागत होता. त्यात लग्नं होत नाहीत. नवऱ्याच्या आईनं तर दुसरी मुलगी हेरूनच ठेवलेली. सूर्य मावळायच्या आत पाय आत गेला नाही तर सोयरीक जाणार होती, आणि तिच्याबरोबर आमच्या मेंढरांची डोंगरावरची कुरणं.

सतरा वर्षांची गार्सेंदा गळ्यापर्यंत पांघरूण ओढून बसली होती. नवऱ्याकडचे सरदार ग्वेराऊ तीन दिवस ओल्या बर्फातून आलेले. ते उजव्या नडगीवरचं लोखंड काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"निघत नाहीये. गंजलंय."

"मग डावा घाला," नवरीचे वडील, काउंट आर्नाऊ म्हणाले.

"करारात उजवा आहे," बिशप म्हणाले.

पलंगावरून फिस्स आवाज आला. आईनं डोळे वटारले. "हसलीस तर बघ, गार्सेंदे."

"मी कुठे हसतेय? पलंगच हलतोय."

लोहार हातोडा घेऊन आला. सरदारांनी त्याला पायाशी येऊच दिलं नाही. "आजोबांचं चिलखत आहे. ठोकलंस तर याद राख."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून तांबडं झालं. काउंटांचा चेहरा पांढरा. तेव्हा नवरीनं पांघरूण भिरकावलं, बाह्या सारल्या.

"माईदा, बदकाची चरबी आण. असेल नसेल ती सगळी."

मी धावले. उपवासाआधी चरबी संपवायची म्हणून खाली गोड वडे तळणं चाललं होतं. शेवटचं मडकं मी आचाऱ्याच्या हातातून ओढलं.

"अगं बाई, एक घाणा राहिलाय!"

"आधी लग्न, मग वडे."

गार्सेंदानं सरदारांचा पाय मांडीवर घेऊन कोपरापर्यंत हात माखले. "काका, खांबाला धरा. बाबा, तुम्ही काकांना धरा. बिशपमहाराज, तुम्ही बाबांना. आई, तू माझी कंबर धर. आता ओढा."

मी आयुष्यभर लोकांना हसवलं, पण असं सोंग मला कधी सुचलं नव्हतं. लोखंड सटकलं. मायलेकी उशांत कोसळल्या, सरदारांचा उघडा पाय तेवढा गादीवर राहिला. मी पांघरूण टाकलं. तुळईवर बोटभर ऊन शिल्लक होतं.

"लग्न लागलं," जमिनीवर बसलेले बिशप म्हणाले. मग गार्सेंदा जी हसली, ती सरदारांना हसवूनच थांबली.

सासरी तिच्याबरोबर मीही आले, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. ते लोखंड तिनं परत दिलंच नाही; त्यात पळ्या-डाव ठेवते. परवा तिच्या नातीचं लग्न आहे, पायावरचंच. गार्सेंदाबाईंनी चरबीचं मडकं आत्ताच पलंगाखाली सरकवलंय.