दोन्ही हात भरलेला माणूस

त्याचे दोन्ही हात नेहमी भरलेले असत. एका हातात रजिस्टर आणि टॅगांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कधी वेलची केळ्यांची फणी, कधी समोशांची पिशवी. आमच्या काचेच्या दारासमोर येऊन तो नुसता उभा राही. दार उघडा, असं कधी म्हणाला नाही. आतून कुणीतरी उठायचंच. मग तो संकोचून हसायचा आणि म्हणायचा, "राहू द्या हो, तुमचं चालू द्या."

तुम्हीही उठला असतात. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. एवढंच सांगतो की चार महिन्यांत त्या दाराशी त्याला कुणी ताटकळत ठेवल्याचं मला आठवत नाही.

आमचं ऑफिस बेलापूरला. जासईच्या यार्डांत उतरणाऱ्या कंटेनरांची कागदपत्रं आम्ही करतो. माणसं त्रेसष्ट, आग विझवायचे सिलिंडर एकोणीस. आकडे पाठ आहेत, कारण व्यवस्था माझ्याकडे होती. किल्ल्या, खुर्च्या, पाण्याचे जार, सगळं.

सिलिंडर तपासायला पूर्वी वर्षातून एकदा, मार्चमध्ये माणूस यायचा. जूनमध्ये त्या कंपनीचं पत्र ईमेलनं आलं, की माणूस बदलला आहे आणि तपासणी आता दर पंधरा दिवसांनी होईल. पत्र खोटं होतं. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण पत्रावर जावक क्रमांक होता, आणि जावक क्रमांक दिसला की माझा विश्वास बसतो. शिवाय दर पंधरा दिवसांनी तपासणी म्हटल्यावर मी खूशच झालो होतो.

त्यानं आम्हाला सांगितलेलं नाव इथे लिहीत नाही. ते त्याचं नव्हतंच.

चाळिशीचा, उंच, थोडा वाकून चालणारा. प्रत्येक सिलिंडर खाली उतरवी, फडक्यानं पुसे, काटा बघे, टॅगवर सही करी. दोन सिलिंडर त्यानं बाद ठरवले होते. पुढे सगळं उघडकीला आल्यावर मी खऱ्या कंपनीचा माणूस बोलावून सगळे एकोणीस पुन्हा तपासून घेतले. तेच दोन बाद निघाले.

काम झालं की तो पॅन्ट्रीत चहाला थांबायचा. स्वतः कमी बोलायचा. समोरचा बोलत असला की डोळे न हलवता ऐकायचा, आणि पंधरा दिवसांनी आल्यावर नेमकं तेच विचारायचा. "पल्लवीताई, मुलीला कॉलेज मिळालं का?" "साहेब, आईंचा गुडघा कसा आहे?" माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी माझ्या सख्ख्या भावानं त्या वर्षात एकदा केली होती. यानं सात वेळा केली.

सर्व्हर ठेवलेल्या खोलीत एकोणिसावा सिलिंडर होता. त्या खोलीत बाहेरच्या माणसाला बंदी. मी एकदा आपणहून म्हणालो, "चला, आतला पण बघून घ्या." तो मागे सरकला. "नको साहेब. नियम आहे ना तुमचा? तो बाहेर आणून द्या, मी इथेच तपासतो."

नियम पाळणारा माणूस भेटला की मला गहिवरून येतं. हे त्याला किती दिवसांत कळलं असेल?

त्याला अडवणारा माणूस एकच होता, गेटवरचे साळवे. राहायला दिघ्याला, मूळचे जालन्याकडचे, आमच्याकडे नऊ वर्षं. दर खेपेला हात आडवा करायचे. "आधी ओळखपत्र दाखवा. नाव लिवा, मग जावा."

"मामा, हात भरलेत हो."

"मग पिशवी खाली ठेवा. मी धरतो."

तो निमूट पिशवी खाली ठेवायचा, ओळखपत्र दाखवायचा, नाव लिहायचा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी लिफ्टमधून बाहेर येत होतो. मीच साळवेंना म्हणालो, "अहो, किती छळता? आपलाच माणूस आहे तो. सोडत जा." साळवेंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. तिथून पुढे त्याची नोंद नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि सर्व्हरच्या कपाटांना हार. वर्षातला तेवढा एक तास त्या खोलीचं दार उघडं असतं. दाराला खुर्ची लावून ठेवतात. ती खुर्ची मीच लावतो.

तो दोन पिशव्या झेंडू आणि पेढे घेऊन आला. सगळे लोक आरतीच्या तयारीत. आतल्या उंच कपाटांना हार घालायला माझा हात पोचेना. मी म्हणालो, "तुम्ही घाला. तुमचा पोचतो."

"मी? मी बाहेरचा माणूस साहेब."

"कसला बाहेरचा! या आत."

चप्पल काढून तो आत आला. कपाटं तीन, हार तीन. प्रत्येक हार घातल्यावर त्यानं हात जोडले. मी बाहेर ताम्हण धरून उभा होतो. मला त्याची पाठ दिसत होती.

तिसऱ्या हाराच्या मागे सर्व्हरमध्ये त्यानं अंगठ्याएवढी एक डबी खोचली, बाहेरून आमच्या कॉम्प्युटरांत शिरायला वाट करून देणारी. ती सदतीस दिवस तिथे होती. दिवाळीत खोली झाडली गेली, पुसली गेली, पण पूजेचा हार कोण काढणार? आमच्याकडे तो पुढच्या नवमीपर्यंत राहतो. फुलं वाळून काळी पडली, त्यामागे डबीचं काम चालू राहिलं. अडतिसाव्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचे सगळे पडदे एकदम काळे झाले आणि खंडणीची मागणी आली. अकरा दिवस ऑफिस ठप्प. जासईला आमच्या कागदांसाठी दोनशे चौदा कंटेनर अडकले. ड्रायव्हर केबिनमध्येच स्वयंपाक करत होते.

चौकशीला बाहेरून एक मॅडम आल्या. हुशार, शांत. पहिल्याच दिवशी त्यांनी गेटचं रजिस्टर मागितलं. त्यात त्या माणसाच्या चारच नोंदी. त्याच संध्याकाळी साळवेंना कामावरून काढलं. मी माझ्या जागेवर बसलो होतो. गणवेशाच्या शर्टाची घडी टेबलावर ठेवून साळवे माझ्यासमोरून गेले.  मी समोरच्या कागदांत मान घातली. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

आता जे मला उलगडत नाही ते सांगतो.

नवमीनंतर बाराव्या दिवशी माझी आई बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. वाशीच्या एका हॉस्पिटलात तिला ठेवलं. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी दुपारी बरोबर साडेबाराला तो तिथे आला. हातात स्टीलचा थर्मास, त्यात भाताची पेज, वर तुपाचा थेंब. आई हॉस्पिटलचं काही खात नव्हती. त्याच्या हातची पेज खाल्ली. तो तिला चमच्यानं भरवायचा आणि मला म्हणायचा, "साहेब, तुम्ही जेवून या. तुमचं चालू द्या."

त्याचं काम नवमीला झालं होतं. मग तीन दिवस पेज कशासाठी?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "संशय येऊ नये म्हणून. संबंध टिकवतात हे लोक." असेल. पण आमच्याकडे टिकवण्यासारखं उरलं काय होतं? मी तारखा कागदावर मांडून पाहिल्या. तीन दिवस शिल्लक राहतात. कशातच बसत नाहीत.

मॅडमनी बजावलं होतं, "त्याचा फोन आला तर बोलत ठेवा. निदान तीन मिनिटं."

साळवे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर.

"साहेब, आई काय म्हणतात?"

 माझ्या तोंडातून निघालं, "बरी आहे. चालते थोडी."

"काठी घेतात ना?"

"घेते." मग मी म्हणालो, "साळवेंची नोकरी गेली."

 पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

"त्यांनी मला चार वेळा अडवलं साहेब. तुमच्या ऑफिसात तेवढा एकच माणूस होता. लिहून द्या तसं. चला, तुमचं चालू द्या."

त्रेपन्न सेकंद. त्याला बोलत ठेवायला मी काहीच केलं नाही. सुचलं नाही, की मनात नव्हतं? अजून मला सांगता येत नाही.

त्याच दुपारी मी दोन पानं लिहून दिली. साळवेंना नोंद करू नका असं मी सांगितलं. खोलीचं दार मी उघडलं. आत मी बोलावलं. फोन त्रेपन्न सेकंदांत संपला, हेही लिहिलं. किल्ल्या माझ्याकडून गेल्या, नोकरी राहिली. साळवेंवरचा ठपका पुसला गेला, पण त्यांची जागा तोवर भरली होती. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं त्यांना तळोज्याला एका कारखान्याच्या गेटवर टाकलं. दिघ्याहून जायचं म्हणजे रोजची दमछाक.

मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी हात आडवा केला.

"नाव लिवा साहेब."

मी लिहिलं. मग ते म्हणाले, "तवा तुमी सांगितलं म्हनून सोडलं. आता कुनाचंच ऐकत नाय."

परत येताना एक विचार मनात आला, तो गेलेला नाही. ती दोन पानं मी लिहिली खरी. पण तीही त्यानंच माझ्याकडून लिहून घेतली का? दारासारखीच?

तो सापडलेला नाही. थर्मास मात्र आमच्याकडे राहिला. मी तो मॅडमकडे नेला होता. त्यांनी फोटो काढून परत दिला. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती आता काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जाते. परवा विचारत होती, "तो पेज आणणारा आला नाही रे पुन्हा? भांडं राहिलंय त्याचं."

"येईल," मी म्हणालो.

काल फडताळातून थर्मास खाली काढला, तर आत काहीतरी सळसळलं. झाकण उघडून पाहिलं. तळाशी मूठभर साखर होती. कुणाचं भांडं आई रिकामं परत पाठवत नाही.

मी झाकण घट्ट लावलं आणि थर्मास होता तिथे ठेवून दिला.