मावशीच्या वाट्याचा पोपट

थोरली मावशी पोटासाठी आवाज काढते. ऐकायच्या पुस्तकांमधली म्हातारी, म्हैस, करकरणारं दार, चेटकीण, सगळं तीच. चेटकिणीत तर तिचा हातखंडा. त्या चेटकिणीला घाबरून पांघरुणात शिरलेली पोरं आता दाढ्या करतात, पण मावशीला नायिका म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

मग ती चाच्यांची कादंबरी आली. नायिका सतरा वर्षांची कप्तानीण. वारा चोरून पिशव्यांत भरते, मग वाऱ्यावाचून अडलेली जहाजं लुटते. अर्धी लूट अनाथांना, अर्धी बिनदिक्कत स्वतःला. चांगली म्हणवत नाही, वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. मावशी तर स्वयंपाकघरातही तीच होऊन वावरायला लागली. "शिडं सोडा रे मुडद्यांनो!" की भोपळ्याचे एक घाव दोन तुकडे.

आणि कप्तानीण मिळाली धाकट्या मावशीला! जिला थोरलीनेच हात धरून या धंद्यात आणलं होतं. थोरलीला मिळाला जहाजावरचा पोपट.

"ताई, पोपट फार महत्त्वाचा आहे हं," धाकटी म्हणाली.

"हो ना. मिरची दिली की झालं."

रेकॉर्डिंगला धाकटी एका वाक्यावर अडली. वादळात जिवाभावाची मैत्रीण जहाजामागे दोराला लटकलेली, आणि जहाज वाचवायला कप्तानीण तोच दोर कापते. "माफ कर, सखे." धाकटीच्या तोंडून ते साखरेत घोळून येई.

"बाई, दोर कापताय, वाढदिवसाचा केक नाही!" रेकॉर्डिंगवाला वैतागला. "चहानंतरही जमलं नाही, तर कप्तानीण बदलावी लागेल."

मावशी केळं सोलत होती. पोटातली गुडगुडसुद्धा माईक पकडतो, म्हणून कामाआधी केळं. तिचा हात थांबला.

चहाला धाकटी तिच्याजवळ येऊन बसली, रडवेली. "ताई, कसं म्हणू गं?"

कसं म्हणायचं ते मावशीला पाठ होतं. हळू, कोरडं, श्वास न घेता.

"हसून म्हण," ती म्हणाली. "चांगली खदखदून."

"दोर कापताना?"

"मग! चाचीण आहे ती."

धाकटी माईकसमोर गेली आणि हसली. हसता हसता मध्येच हसू फाटलं, त्यातून कसाबसा "सखे" बाहेर आला. रेकॉर्डिंगवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले.

"बाई! कुठून सुचलं हे?"

"मला कुठलं सुचतंय? ताईने सांगितलं."

मावशीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. लगेच पोपटाचं वाक्य होतं: "शाब्बास, कप्तानीण, शाब्बास!"

"मावशी, पोपटाने कौतुक करायचंय. तुमचा बोचकारतोय."

दुसऱ्यांदा त्याने चावाच घेतला. शेवटी रेकॉर्डिंगवालाच थकला. "जाऊ दे, पहिलाच ठेवतो."

संध्याकाळी मावशी भोपळ्यासमोर सुरी घेऊन उभी होती. दार लोटून घेतलं होतं, पण तिचा आवाज कुठला दाराला ऐकतोय. "हा हा हा, माफ कर, सखे." थांबली. पुन्हा हसली. येत होती ती चेटकीणच.