वहिनीने चीक टाकला नाही

माझी वहिनी दिशा भांडखोर नाही. पण एकदा पाय रोवला की हलायची नाही. लग्नानंतर तिने आडनाव बदललं नाही, म्हणून आईने महिनाभर अबोला धरला. ही बया रोज आईसमोर बसून एकटीच गप्पा मारायची.

मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत ती काम करते. रोगाशी लढणाऱ्या पेशी अगदी बारीक पुड्या बाहेर सोडतात आणि जंतूंना पकडणाऱ्या अँटीबॉडी त्यांच्यावर लादून पाठवतात. त्या पुड्यांवर हिचं संशोधन चालतं. आमच्या दिंडोशीच्या घरात हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. नवरा असून देवेशदादाही "ते बबलचं काहीतरी" म्हणायचा. मला भयंकर राग यायचा.

दिशाला मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी. तिला ओढून प्यायची ताकद नव्हती, म्हणून हॉस्पिटलमध्ये नर्सने दूध वाटीत काढून चमच्याने पाजायला सांगितलं. दिशाने काढलं. जेमतेम चमचाभर, पिवळं, घट्ट. आई ताडकन उठली.

"अगो, ह्यो चीक! पिळून टाकूचो आसता. पोराक पचाचो नाय. मध चाटवया." आणि वाटी उचलून बेसिनकडे निघालीसुद्धा.

पोटाला टाके असताना दिशा उठली आणि तिने आईचं मनगट धरलं.

"आई, तबेल्यातून गाईचा चीक आणून वेलची घालून खरवस करता ना? बोटं चाटत खातो आपण. आणि माझा बेसिनमध्ये?"

"तुज्या त्या पुडयो आसत काय हेच्यात?" आईने टोमणा मारला.

"आहेत. त्यांच्यावर अँटीबॉडी किती, ते आम्ही अजून शोधतोय, खोटं नाही सांगणार. पण चिकात अँटीबॉडी भरपूर असतात, हे पक्कं. हिच्याकडे स्वतःच्या फार नाहीत. आणि मध अजिबात नाही."

"माज्या घरात माजा कोणच आयकणत नाय!"

"घर तुमचं, आई. दूध माझं, पोरगी माझी. वाटी द्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दे ना तिला."

वाटी टेबलावर आदळायची तेवढी बाकी ठेवून आई पाय आपटत बाहेर गेली. वहिनीने वाटी जवळ ओढली. मग तिने चमचा पोरीच्या ओठांना लावला. पोरीने तोंड वाकडं केलं. मग गिळलं.

"घे अजून," दिशा म्हणाली.