जोडवी आणि बर्फातले बूट

बर्फात खेळायला निघताना आमच्या घरात माझा हुकूम चालतो. अंगाला सुती काही लावायचं नाही. सुती कापड घाम पितं आणि मग गार होऊन अंगाला चिकटून बसतं. आधी थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. मोज्यांची जाड जोडी एकच, कारण बुटात बोटं हलली पाहिजेत. सहा वर्षांची लेक हे सगळं मुकाट्याने चढवून घेते आणि शेवटची झिप वर गेली की तिला बाथरूमला जायचं असतं. अमेरिकेत, ॲन आर्बरला आल्यापासून यात एकदाही खंड पडलेला नाही.

या हिवाळ्यात आई नागपूरहून एकटीच आली. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं, म्हणून ते माझ्या भावाकडे राहिले. आईला नातीबरोबर स्लेडवरून घसरायचं होतं. त्यासाठी तिने जन्मात पहिल्यांदा पँट घातली, तीही जावयासमोर. पायातली जोडवी मात्र काढणार नाही म्हणाली. लग्नातली, चांगली जाडजूड चांदीची. ती टोचू नयेत म्हणून तिने वर मोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या आणि बूट कसेबसे ओढून बसवले.

‘‘आई, इतके टाइट बूट घातलेस तर पाय उलट जास्त गार पडतील. सर्क्युलेशन बंद होतं.’’

‘‘मला काही होऊन नाही राहिलं. चल तू.’’

टेकडीवर ती नातीला पुढे घेऊन घसरली आणि चक्क किंचाळली. आईला आनंदाने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. ‘‘वन मोअर, आजी!’’ असं प्रत्येक वेळी झालं आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा वर चढली. मग एकदा ती झाडाला टेकून उभी राहिली. दमले, म्हणाली. पण चालताना ती पाय लाकडाचे असल्यासारखे टाकत होती. लेकीला नवऱ्याकडे सोपवून मी आईला गाडीत आणलं, हीटर लावला आणि तिचे बूट उपसले.

बोटं पांढरीफटक पडली होती. जोडव्यांच्या बोटांना मी चिमटा काढला, तर तिला कळलाही नाही. मी भडकले.

‘‘ऊब आली की बोटं सुजतील. मग ही जोडवी कापून काढावी लागतील. आत्ता काढ.’’

‘‘तुझे बाबा तिकडे आजारी, आणि मी इथे जोडवी काढू?’’

मी शास्त्र सांगितलं, डॉक्टरांचा धाक दाखवला, बोटं जातील म्हणाले. ती काचेबाहेर बघत बसली. शेवटी तिने दोन्ही पाय माझ्या मांडीवर ठेवले.

‘‘तू काढ. मी नाही हात लावणार.’’

माझा यावर विश्वास नाही. माझ्या पायात जोडवी नाहीत, मंगळसूत्र कुठल्याशा ड्रॉवरमध्ये आहे आणि नवरा समोर टेकडीवर धडधाकट उभा होता. मी जोडवं चिमटीत धरलं. ते सैल होतं, सहज आलं असतं. हात पुढे जाईना. स्वतःचाच राग आला, पण भीती खरी होती.

मी फोन काढून बाबांना लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे रात्रीची जेवणं झाली असतील. रिंग वाजत राहिली. आईने माझं मनगट धरलं.

‘‘हॅलो? काय गं, आज आत्ताच फोन?’’

‘‘सहज, बाबा. जेवलात?’’

‘‘मुगाची खिचडी. मीठ नावाला नाही. तुझी वहिनी तर लोणच्याची बरणी लपवून ठेवते.’’

आईने डोळे मिटून घेतले.

‘‘आणि सकाळी काय होतं?’’ मी विचारलं, आणि दोन्ही जोडवी निघेपर्यंत त्यांना बोलतं ठेवलं.