फॉर्कॉश म्हणजे लांडगा

नवऱ्याला डायलिसिसला घेऊन मी इथे अमेरिकेत बॉथेलच्या सेंटरमध्ये जाते, तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक हंगेरियन आजोबा असतात. त्यांचं पहिलं नाव मला अजून माहीत नाही. आल्यावर बूट काढून खुर्चीखाली जोडीने ठेवतात, मशीन सुरू झालं की डोळे मिटतात. बोललेच तर प्रत्येक वाक्याआधी दमल्यासारखा श्वास घेतात.

नर्स त्यांना 'मिस्टर फारकस' म्हणते. एकदा ते मला म्हणाले, "खरं तर ते फॉर्कॉश आहे. पूर्वी लोकांना सांगायचो. आता कंटाळा येतो."

"अर्थ काय त्याचा?"

"लांडगा. जुन्या काळी आमच्याकडे मुलांचं नावच ठेवायचे ते. पुढे त्याचं आडनाव झालं."

"आमचं आडनाव लांडगे," मी म्हटलं. "अर्थ तोच."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो सुया टोचलेला हात उशीवर ठेवून मलूल पडला होता.

"मग भाऊबंदच की आपण," ते म्हणाले, आणि 'लांडगे' हा शब्द बराच वेळ पुटपुटत राहिले.

परवा नवी नर्स आली. "मिस्टर लँडज?" तिने विचारलं. नवरा नेहमीसारखा मान हलवणार, इतक्यात शेजारून आवाज आला.

"लांडगे."

आजोबा डोळे उघडून ताठ बसले होते. नर्सकडून त्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, नीट येईपर्यंत. ती ओशाळून हसली आणि त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही मिस्टर फारकस ना?"

"हो, तोच मी," म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.